गाडी आली तर नाही म्हणा

आष्टी,
१६ एप्रिल २०१३

तीर्थरूप नाना,
मुक्ताचा सविनय जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. जयंतीला धर्मापुरीला येता आलं नाही, त्याबद्दल रागावू नका. वॉर्डात उन्हानं आजारी पडलेले पेशंट इतके आहेत की आम्हा सिस्टर लोकांना रजा मिळेनाशी झाली आहे. यंदा पाणी तिकडंही नाही, इकडंही नाही. नळ बंद पडून महिने झाले. टँकर आला की दवाखान्यातल्या मावश्यासुद्धा हातातलं काम टाकून पळतात, आणि त्यांना कोण बोलणार?

एका डोळ्यावर सारा भार आहे तुमचा, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि राधाकिशनदादाला सांगितलं की तो अंगणातून ओरडून तुम्हाला सांगतो, मग गल्लीला कळतं. तसं गल्लीपासून लपवण्यासारखं काही नाही. पण पत्रच बरं.

हे ठीक आहेत. दूध संघानं जनावरांसाठी चारा छावण्या काढल्या आहेत आणि संघाचे जनावरांचे डॉक्टर हेच, त्यामुळे सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. अंगाला शेणाचा आणि उसाच्या वाढ्याचा वास. जेवताना बोलत नाहीत. थकवा असेल.

तुम्ही नव्या गाडीबद्दल विचारलंत. गाडी पांढरी आहे, छान आहे. संघाचे अध्यक्ष माणिकराव, त्यांच्या जावयाचं नगरला शोरूम आहे, तिथूनच घेतली. दुसरीकडून घेतली असती तर बरं दिसलं नसतं. सुरुवातीला थोड्या तक्रारी होत्या. दोनदा दाखवून आणली. ते म्हणाले, सगळं ठीक आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हे स्वतः गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येणार म्हणतात. सासऱ्याला नव्या गाडीतून नगरला न्यायची त्यांना फार हौस आहे. नाना, तुम्ही नाही म्हणा. ऊन फार आहे म्हणा, गाडी लागते म्हणा, काहीही म्हणा. मी रजा काढून एस.टी.नं येते आणि तुम्हाला घेऊन जाते. मी असं लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नका. माझ्यावर एवढा विश्वास ठेवा.

वहिनीनं माझ्या हाताचं विचारलं होतं. डाव्या मनगटाला थोडं लागलं होतं. आता प्लास्टर काढलं.

तुमची,
मुक्ता


आष्टी,
२९ एप्रिल २०१३

तीर्थरूप नाना,
सविनय जयभीम.

तुम्ही कार्डावर एवढंच लिहिलंत : "मला गाडी कधी लागत नाही, हे तुला माहीत आहे. थोड्याशा लागण्याला प्लास्टर घालत नाहीत. खरं लिही." मास्तरकी सुटली तरी चूक काढायची सवय सुटली नाही तुमची. ते कार्ड मी ड्रेसच्या खिशात घालून फिरले. आज लिहिते.

त्या गाडीचा ब्रेक लागत नाही.

नेहमी असं होत नाही, नाना, तीच तर भीती आहे. आठवडाभर नीट लागतो. आणि मग एखाद्या वेळी पाय ठेवावा तर पेडल दगडासारखं टणक. कितीही दाबा, हलत नाही, आणि गाडी तशीच पुढं जात राहते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी आमच्या गल्लीत होते. हँडब्रेक ओढला, गाडी भिंतीशी थांबली. यांना सांगितलं. आम्ही शोरूमला गेलो. त्यांच्या माणसानं एक चक्कर मारली आणि म्हणाला, दोष नाही. दुसऱ्यांदा झालं, पुन्हा गेलो. या वेळी मॅनेजर बाहेर आला. त्यानं यांनाच विचारलं, मॅडम गाडी चालवताना चपला कोणत्या घालतात, आणि हसला. हेही हसले. येताना मला म्हणाले, पाय चुकत असेल, सवय होईल.

मार्चच्या सुरुवातीची गोष्ट. माझी सुट्टी होती. छावणीवर यांचा डबा घेऊन निघाले होते. छावणीच्या अलीकडं मोठा उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी टँकर उभा होता. भोवती बायकाच बायका. घागरी, डबे, कडेवर पोरं. सगळ्यांची पाठ माझ्याकडं. मी ब्रेकवर पाय ठेवला.

पाय तसाच राहिला, नाना.

मी हॉर्न दाबून धरला. टँकरच्या मोटरीच्या आवाजात कुणाला ऐकू जाईना. हँडब्रेक ओढला, गाडी तिरकी झाली, आणि मी सारा जोर लावून ती डाव्या हाताच्या बाभळींत घातली. तिथं कुणी नाही असं मला वाटलं होतं. तिथं दगडाबाई बसल्या होत्या. भरलेल्या घागरी राखत, सावलीला. गाडी झाडाला धडकायच्या आधी त्यांच्या मांडीला लागली. हाड मोडलं. जीव वाचला.

माझं मनगट तेव्हाचं.

पोलिसांच्या आधी माणिकरावांचा फोन आला. मला नाही, यांना. ठाण्यात बाकावर बसलो होतो तेव्हा हे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पाय घसरला म्हण. शोरूमचं नाव निघालं तर मी संघात राहणार नाही." आणि मी म्हणाले. साहेबांसमोर उभी राहून, माझ्या तोंडानं म्हणाले, की माझा पाय घसरला.

गाडीचं तोंड सरळ करून आणलं. ब्रेक तोच आहे. हे रोज तीच घेऊन जातात, त्याच उतारावरून. मला चावी देत नाहीत. पाहुण्यांसमोर सांगतात की मुक्ताला अजून जमत नाही. वॉर्डात फोन वाजला की माझ्या हातातली सुई थांबते. दुसरी सिस्टर फोन उचलते, मी तिच्या चेहऱ्याकडं बघत राहते. तिनं फोनवर भाजीचं काही विचारलं की मी श्वास सोडते.

याहून वाईट एक आहे. सगळे इतक्यांदा म्हणाले की आता मलाच कळत नाही, पाय नक्की कुठं होता. ड्यूटीवर उभ्या उभ्या मी फरशीवर उजवा पाय दाबून बघते. ब्रेकवर होता. मग वाटतं, होता ना?

आणि दगडाबाई माझ्याच वॉर्डात आहेत. पायाला वजन बांधून झोपवल्या आहेत. त्यांची वेणी मी घालते, भांडंही मीच देते. काल मला रडू आलं तर त्याच म्हणाल्या, "बाई, तुमी काहून रडता? हाड माझं मोडलंय."

तुम्हाला न्यायला यायचं यांनी अजून सोडलेलं नाही. गाडी दारात आली तर बसू नका. आणि मी काय करू ते सांगा.

तुमची,
खोटं बोललेली मुक्ता


आष्टी,
२१ मे २०१३

तीर्थरूप नाना,
सविनय जयभीम.

"डोळा थांबेल. आधी ठाण्यात जा." तुमचं उत्तर मिळालं त्याच दिवशी जायला हवं होतं. माझ्यानं झालं नाही. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आले. मी बोलले की यांची नोकरी जाणार, आणि यंदाच्या साली नोकरी गेलेल्या माणसाला कोण उभं करतं?

मग गाडीची सर्व्हिसिंगची तारीख आली. हे एकटेच निघाले होते. मी म्हटलं, मीही येते. नको म्हणाले, तरी मी जाऊन बसले. नगरपर्यंत मी हँडब्रेकवर हात ठेवून बसले होते. त्यांनी तो हात पाहिला, पण काढ म्हणाले नाहीत.

शोरूममध्ये तोच मॅनेजर. गार पाणी दिलं. ब्रेकचं काढलं तर पुन्हा तेच म्हणाला, गाडीत दोष नाही, मॅडमना भीती बसली आहे. नाना, मला खरंच भीती बसली होती. पण मी उठले.

मी म्हटलं, "दोष नाही ना? मग चला. मी चालवते, तुम्ही माझ्याशेजारी बसा. गावाबाहेरच्या उतारावरून एकदा जाऊन येऊ."

तो म्हणाला, दुसरी कामं आहेत. मी म्हटलं, तुमच्या कुणाही माणसाला बसवा. तिथं चार-पाच जण उभे होते. कुणी रजिस्टर उघडलं, कुणी आत गेला. मॅनेजर यांच्याकडं वळला, हे मला गप्प करतील म्हणून. हे म्हणाले, "मी चालवतो. तुम्ही बसा."

त्यानं खाली बघितलं. मग हळूच म्हणाला, "डॉक्टर, गाडी इथंच ठेवा. घेऊन जाऊ नका."

हसत होता तो माणूस, चपलांचं विचारून.

आम्ही एस.टी.नं परतलो. वाटेत कडा गाव आलं. बस थांबली, माणसं चढली-उतरली, आणि त्या गोंगाटात हे खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "मला माहीत होतं. माझाही ब्रेक लागला नव्हता. तुझ्या आधी एकदा, आणि नंतर एकदा."

बस सुटली. मग हे म्हणाले, "तो परका माणूस, त्याला त्या गाडीत बसवेना. आणि मी तुला बसू देत होतो."

नाना, त्या क्षणी मला वाटायला हवं होतं की सुटले, माझा पाय बरोबर होता. तसं वाटलं नाही. मला यांची भीती वाटली. ठाण्यातल्या त्या बाकावर हे माझ्या कानाशी वाकले तेव्हा यांना माहीत होतं. मी फरशीवर पाय दाबून बघायचे ते हे स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे, तेव्हाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ठाण्यात गेलो. मी खरं सांगितलं. यांनीही सांगितलं, स्वतःच्या बाबतीत झालेलं सुद्धा, माझ्याकडं न बघता. साहेब वैतागले, पण जबाब पुन्हा घेतला. मग कंपनीची माणसं पुण्याहून आली, त्यांनी गाडी उघडली. ब्रेकला जोर देणारा एक भाग मुळातच सदोष निघाला. बदलून देतो म्हणाले. हे म्हणाले, गाडी नको, परत घ्या. ते अजून मिटलेलं नाही. वकील बघितला आहे.

माणिकराव घरी आले होते. चहा घेतला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "डॉक्टर, दिवस वाईट हायेत. मानसानं आपली जागा संभाळावी." जाताना माझ्याकडं बघून हसले. यांना जवळच्या छावणीवरून काढून तालुक्याच्या टोकाच्या छावणीवर टाकलं आहे, जायला बसही नाही. दुपारी समोरच्या लिंबाखाली एक जीप येऊन उभी राहते. आतली माणसं काही करत नाहीत, नुसती बसलेली असतात. मी खिडकी लावून घेते आणि मग घामानं भिजत आत बसते. लई भ्या वाटतं, नाना. लहानपणी म्हणायचे तसंच म्हणते.

दगडाबाईंना मी सगळं सांगितलं. खोटं सुद्धा. त्या म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. काचंतून तुमचं तोंड पाह्यलं व्हतं मी. मुद्दाम येणाऱ्याचं तोंड आसं ऱ्हात न्हाई." आता त्या काठी धरून वॉर्डातल्या वॉर्डात चालतात. पाय थोडा आखूड राहील, असं डॉक्टर म्हणाले. ते मात्र मी त्यांना अजून सांगू शकले नाही.

रविवारी पहिल्या गाडीनं, म्हणजे एस.टी.नं, आम्ही निघतो. तुम्हाला घेऊन सोमवारी नगरला. दोघं येतोय, मी एकटी नाही. हेच म्हणाले, मला नानांसमोर उभं राहायचंय. काल रात्री विचारत होते, "नाना मला घरात घेतील का?" मी भांडी घासत राहिले.

तुमच्याकडंही घागरभर पाण्याची वानवा आहे, माहीत आहे. यांना तांब्या द्यायचा की नाही, ते तुम्ही दारात बघून ठरवा. माझं अजून ठरलेलं नाही.

तुमची,
मुक्ता