मुक्ताचा कॅप्टन

१० ऑगस्ट
संध्याकाळी पुन्हा तेच. दार लोटलेलं, कानांना हेडफोन, हातात मोबाइल. अकरावीतली मुलगी पलंगावरून ओरडतेय, "कॅप्टन, डावीकडे! अरे लप ना!" ही माझी मुक्ता. पुणं सोडून चेन्नईला आल्यापासून जेवताना "हं"च्या पुढे बोलत नाही. खेळ थांबव म्हटलं तर म्हणे मध्येच थांबवता येत नाही. उतू जाणारं दूध आहे की काय?

११ ऑगस्ट
विचारलं, कॅप्टन कोण?
"टीममध्ये आहे."
"वर्गातला?"
"नाही गं. मोठा आहे."
"किती मोठा?"
हसली. "केस पांढरे व्हायला लागलेत."
कोथिंबीर हातात तशीच राहिली. म्हणजे हिने पाहिलंय त्याला!
ह्यांना कारखान्यातून आल्या आल्या सांगितलं. दहीभात कालवत म्हणाले, "बघतो." बघतो! परका बाप्या रोज मुलीशी बोलतो आणि हा माणूस लोणचं मागतो.

१२ ऑगस्ट
पाळत ठेवली. बाप दारात यायच्या जरा आधी खेळ बंद. लपवाछपवी आहेच.

१४ ऑगस्ट
आज हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावला. पोलिसात देते म्हणून दरडावणार होते.
पलीकडून, "मुके, पूनमल्ली आलं, रेंज जाईल. तू घरात शीर, मी मागे आहे." बसचा हॉर्न. कुणीतरी तमिळमध्ये ड्रायव्हरला हाका मारतंय.
एकोणीस वर्षं हा आवाज ऐकतेय.
"अहो?"
मु. म्हणाली, "मेला! आई, तुझ्यामुळे कॅप्टन मेला."
सवयीने म्हटलं, "अभद्र बोलू नकोस." पलंगावरच बसले.

१४ ऑगस्ट, जेवणानंतर
श्रीपेरुंबुदूरहून कंपनीची बस घरी येईस्तोवर बापलेक रोज खेळतात. शाळा उघडल्यापासून. मला पत्ता नाही.
"आणि त्या दिवशी 'बघतो' म्हणालात?"
"सांगितलं असतं तर बंदच केलं असतंस."
केलं असतं.
पुढचं ऐकून तर... मु. शाळेत डबा एकटी खाते. बाकीच्या तमिळमध्ये बोलतात, हिला कुणी घेत नाही. हे ह्यांना ठाऊक! खेळता खेळता सांगितलं म्हणे.
"मला का नाही?"
"तू दुसऱ्या दिवशी शाळेत भांडायला गेली असतीस. मग अजूनच हसले असते सगळे."
साडी कोणती नेसायची इथवर माझं ठरलंही होतं.
मु.चा मोबाइल कपाटात. किल्ली माझ्याकडे. शिक्षा नक्की कुणाला, ते ठरवलेलं नाही.

१६ ऑगस्ट
हे आले, जेवले, सोफ्यावर बसल्या बसल्या डोळे मिटले. मु. भिंतीकडे तोंड करून. दोघांत एक शब्द नाही. घरात असे किती दिवसांपासून आहेत?
वीस वर्षं वर्गात शिकवलं. पोरांचे चेहरे वाचता येतात असं सांगत फिरत होते.

१७ ऑगस्ट
मु. बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून. पान उलटत नाही. कपाटात घरघर झाली. उघडून पाहिलं. ह्यांचा मेसेज, "बस सुटली. आहेस?"
मोबाइल माझ्या कपाटात आहे हे ह्यांना चांगलं माहीत आहे.
मग विचारलं कुणाला?
मु. दारात येऊन उभी. माझ्या हाताकडे बघतेय. मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. बस पूनमल्लीच्या बरीच अलीकडे असेल, रेंज जायला वेळ आहे.