मावशीच्या वाटणीचं ऊन

प्रिय इझाबेलबाय,

जय येसू. तुझे गुडघे आणि भावजींची शुगर ताब्यात असेल अशी आशा. इकडे सांडोरला आम्ही ठीक आहोत, म्हणजे तुझी भावजय जीना ठीक आहे, माझी झोप उडाली आहे. पत्र मुद्दाम भावजींच्या ऑफिसवर पाठवतोय, कारण फोन केला की फ्लॉसीमावशी तुझ्या शेजारीच बसलेली असते (आणि तिचे कान तुला माहीत आहेत).

बाय, मी गच्चीवर सोलर बसवलं. अख्ख्या गच्चीवर. तो सोलरवाला इतकं गोड बोलला! म्हणे, अंकल, सूर्यापासून ऊन इथवर यायला आठ मिनिटं लागतात आणि तुम्ही ते फुकट घालवता. मलाही वाईट वाटलं. मावशी तुझ्याकडे नाशिकला, म्हणजे घरात विचारायला कोणी नव्हतं (जीना होती, पण ती नको म्हणाली असती). काम झालं, सोलरवाला पेढे खाऊन गेला, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मावशी दरवर्षी राजेळी केळी सोलून सुकेळी वाळवते ती ह्याच गच्चीवर. एवढ्या लांबून आलेलं ऊन मी शेवटच्या चार फुटांत अडवलंय गं!

अंगणात नारळ-आंब्यांची सावली. थोडी केळी पलीकडे एव्हरशाईन सिटीत माझ्या मित्राच्या, लेस्लीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ठेवून पाहिली, तर सोसायटीची नोटीस आली आणि मुंग्याही आल्या (मुंग्या आधी). मावशी ओरडली तर ऐकून घेईन. आई गेल्यावर तिनेच आपल्याला वाढवलं, तिचा हक्कच आहे. पण ती गप्प बसली तर? वर्षाची ती सुकेळी सोडली तर म्हातारीला दुसरी हौस तरी कसली!

तुझा घाबरलेला भाऊ,
फेबियन

ता. क. मावशीला ईस्टरपर्यंत तिकडेच ठेवून घे. नाशिकची हवा तुला मानवते म्हणावं.

ता. क. दुसरा. राहू दे. पत्र टाकायच्या आतच मावशी हजर झाली (एक फोन तरी करायचास!). पिशवी ठेवून सरळ गच्चीवर गेली. ओरडली नाही. मी जिन्याच्या दारातच थांबलो. मग तिने पॅनलला हात लावला, चटकन मागे घेतला आणि हसली, "अरे फेबियन, हा तर तवा झालाय!" आता सगळ्या पॅनलांवर चटया बांधून सुकेळी पसरलीत आणि मावशी काठी घेऊन राखण करतेय. वीज शून्य. आत्ताच सोलरवाल्याचा फोन आला, अंकल, मला मोबाईलवर तुमचं एकही युनिट दिसत नाही, वर पक्षी बसतात का? म्हटलं, एकच बसलाय, पण उडवायची माझी छाती नाही.