चंद्र, सर्जेरावांची विहीर आणि माझी अब्रू

राजूर, ता. भोकरदन
२० फेब्रुवारी १९७३

तीर्थस्वरूप साहेबराव दाजींना रामकिसनचा साष्टांग नमस्कार. रत्नागिरीच्या दमट हवेत आपला गुडघा कसा आहे? प्रभाताईचा खोकला थांबला का? आम्ही इकडे टँकरच्या रांगेत उभं राहण्याइतपत धडधाकट आहोत.

गेल्या सोमवारी मी सातवीला भरती-ओहोटी शिकवली. चंद्र समुद्राचं पाणी आपल्याकडे ओढतो, एवढंच सांगितलं. (पुस्तकातलंच. पदरचं एक अक्षर नाही.) पोरांनी ते घरी सांगितलं आणि संध्याकाळी उपसरपंच सर्जेराव शाळेत हजर. त्यांची विहीर दिवाळीपासून तळाला गेलेली, आणि चंद्र तिकडं कोकणात पाणी उचलून राह्यला, ही त्यांची तक्रार. जशी काही चंद्राची नेमणूक मीच केली. मी समजावलं की समुद्राचं पाणी लांबलांबून सरकत येऊन चढतं, विहिरीत सरकायला जागाच नाही. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, जागा मी करून देतो. तुम्ही चंद्राचं बघा."

शनिवारी पौर्णिमा. चंद्र उगवायच्या वेळेला अर्धं गाव विहिरीवर. पाणी मोजायला गाठी मारलेला दोर देऊन आत उतरवलं कोणाला, तर मला. पाणी घोट्याएवढं. चंद्र वर आला, सर्जेरावांच्या आई गोजरबाईंनी हात जोडले, मी गाठी मोजल्या. पाणी जिथल्या तिथं. उलट माझ्या पायांनी गाळ हलून होतं तेही गढूळ झालं, आणि गोजरबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पंधरा वर्षं इमानानं शिकवतोय, दाजी, आणि आता बाजारात लोक मला 'भरती गुरुजी' म्हणून राह्यले. चंद्राला मात्र कोणी एक शब्द बोललं नाही.

आपला,
रामकिसन

ता. क. : आपल्याकडे येऊन, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मी भरती पाहिली, असं विहिरीवर सांगून बसलोय. (समुद्र मी कॅलेंडरवर पाहिला आहे.) कोणी पत्रानं विचारलं तर हो म्हणा.

पुन्हा ता. क. : खरं काम हे. भरती दिवसातून दोनदा कशी, चंद्र तर एकच? सातवीतल्या बेबीनंदानं हे विचारलं, तेव्हा मी सूर्याचं नाव सांगून सुटलो. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "चंद्र जवळचं पाणी जास्त ओढतो, मधली पृथ्वी त्याहून कमी, पलीकडचं पाणी सगळ्यात कमी. मंग ते मागं राहून तिकडंबी फुगत असंल." आपण बंदर खात्यात आहात, तिथं विचारून हे बराबर आहे का ते जल्दी कळवा. आठ मार्चला तपासणी आहे. बराबर असलं तर साहेबांपुढं मी सांगेन. चूक असलं तर तिलाच उभी करीन.