इन्सुलिन बंद करणाऱ्याला घर नाही

मी, श्रीमती रुखमा हरिदास अलोणे, वय सहासष्ट, सेवानिवृत्त परिचारिका, राहणार एटापल्ली, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. सकाळीच रक्तदाब मोजला, ठीक निघाला. माझ्या शुद्धीबद्दल ज्याला शंका येईल त्याने आधी स्वतःचं डोकं तपासून घ्यावं.

१. माझ्या नावचं राहतं घर मी माझी नात संघप्रिया अश्वजित अलोणे, वय बारा, हिला देते. तिला आठव्या वर्षापासून मधुमेह आहे आणि ती रोज इन्सुलिन घेते. फ्रिज तिचाच. वीज गेल्यावर इन्सुलिन ठेवायचा ओल्या वाळूचा माठही तिचा. त्यात कुणी ताक ठेवलेलं खपवून घेऊ नये.

२. माझा मुलगा अश्वजित याला या घरात राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. ज्या दिवशी तो पोरीचं इन्सुलिन बंद करेल, त्या दिवशी त्याने घर सोडावं. कोणत्याही 'पेशी उपचारा'साठी हे घर विकता वा गहाण ठेवता येणार नाही. ही अट कशासाठी, तेही लिहिते, नाहीतर कोर्टात तो भोळा चेहरा करून उभा राहील.

३. माझे पती हरिदास, वनरक्षक, यांना मधुमेह होता आणि हृदय कमजोर झालं होतं. दीड वर्षापूर्वी त्यांचा भाचा पत्रू नागपूरच्या 'नवांकुर केंद्रा'चा एजंट होऊन घरी आला. त्याआधी हाच पत्रू सागाची रोपं विकून लोकांना लखपती करत होता. म्हणे, स्टेम सेलची एक बाटली टोचली की हृदय नवं होतं आणि साखरही जाते. फक्त इन्सुलिन नि गोळ्या थांबवायच्या, नाहीतर नव्या पेशी आळशी होतात! पुरावा म्हणून एक छापील कागद दाखवला. त्यात उंदरांची साखर उतरली होती. हरिदास उंदीर नव्हते. संशोधन चालू आहे, खुशाल चालू द्या, पण संशोधन म्हणजे औषध नव्हे, एवढं त्या दीडशहाण्याला कोण सांगणार?

बाटली आली ती मे महिन्यात, एसटीने, स्टीलच्या डब्यात. बर्फ कुठे आहे विचारलं तर म्हणतो, "मामी, काऊन टेन्शन घेऊन राह्यली? मी खिडकीपाशी बसलो होतो, हवा लागे ना!"

एकोणीस दिवसांत हरिदास गेले. पुण्यानुमोदनाला पत्रू आला, पोटभर जेवून गेला. त्याला माझ्याकडून तो डबा द्यावा.

४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कलाबाई दुर्गे, परिचारिका, हिने करावी. ती माझ्या हाताखाली शिकली आहे. पत्रूने डब्याखेरीज काही मागितलं तर शिव्या द्याव्यात. तिला येतात.

५. बापाला पोहोचवून आल्यावर तरी माझा मुलगा शहाणा होईल असं वाटलं होतं. कसला होतो! गेल्या महिन्यात म्हणतो, "आई, बाबाच्या पेशी जुन्या होत्या, म्हणून लागू नाई झालं. पोरीच्या कवळ्या हायेत. पत्रूभाऊ म्हणते, हिले नक्की लागू होते." माझ्या पोटी असा गाढव जन्मला. त्याच दिवशी मी हा कागद लिहायला घेतला.

६. दोन मूर्खांची नावं लिहून झाली. तिसरं माझं. ती बाटली हरिदासच्या शिरेत मी टोचली. अठ्ठावीस वर्षं जंगलातल्या गावांत मी लसीचा डबा वाहिला. बर्फ वितळला की लस फेकून द्यायची आणि साहेबांची बोलणी खायची. आणि घरात आलेली तापलेली बाटली मी माठात थंड करून टोचली, कारण नवरा आशेने बघत होता. त्यांनी इन्सुलिन सोडलं तेव्हाही मी गप्प बसले. पत्रूला अक्कल नव्हती, मला होती. माझी मला किळस येते.

७. म्हणून संघप्रियाला मी कुणाच्या हाताच्या भरवशावर ठेवत नाही, माझ्याही नाही. महिनाभर शिकवलं. आज सकाळी तिने स्वतः डोस भरला, पोटाची चिमटी धरली आणि सुई घेतली. मी हात मागे बांधून उभी होते.

"झालं न आजी," ती म्हणाली आणि शाळेला गेली.

मग मी सहीला बसले.

ठिकाण : एटापल्ली
दिनांक : ९ नोव्हेंबर २००७

(सही) रुखमा हरिदास अलोणे

रुखमाबाईंनी आमच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत केली.

साक्षीदार :
१. (सही) लालसू हिचामी, निवृत्त आरोग्य सेवक, एटापल्ली
२. (सही) अयूब शेख, औषध दुकानदार, एटापल्ली