जज आजोबांचा दगड

हिकरी फोर्क, जॉर्जिया
२१ एप्रिल १९८७

चि. रोस्को यास व्हर्नेलताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळी ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे. पण ते खरं नाही. गेल्या ऑगस्टपासून या घरातली अंडी निराधार झाली आहेत. चर्चच्या जेवणाला मसाला भरलेली अंडी मी नेते, ती माझ्या चोवीस खळ्यांच्या काचेच्या ताटलीतून, हे सगळा गाव जाणतो. पाठीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर माझं नाव. तरी ती तुझ्या गाडीत बसून डेट्रॉइटला गेली. यंदा ईस्टरला साधं ताट घेऊन गेले. पाद्रीबाबांची प्रार्थना लांबली, माझा हात कलला आणि निम्मी अंडी डीकन हॉकिन्सच्या बुटांपाशी जमा झाली. त्यांनी त्यातलं एक फुंकर मारून खाल्लं, म्हणून मी त्यांना माफ केलं. तुला अजून केलेलं नाही.

टेम्पी आत्याला एक्क्याण्णवावं लागलं. जीभ शाबूत आहे, पण दृष्टी जात चाललीय. डॉक्टर म्हणतो, हिवाळ्यापर्यंत काय दिसेल ते दिसेल. तिचं एकच मागणं आहे: वडिलांच्या कबरीवर डोक्याशी दगड बसावा आणि त्यावरचं नाव आपल्या डोळ्यांनी वाचावं. लाकडी फळी होती ती वाळवीनं कधीच खाल्ली. दगड तू करवतोयस म्हणून ती तुझं नाव घेते तेव्हा आवाज इतका मऊ होतो की मला मत्सर वाटतो. ‘हिकरी फोर्कचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश’ हा मजकूर पाथरवटाकडे जुलैच्या आत गेला, तरच ऑगस्टमधल्या आपल्या कुटुंबाच्या मेळ्याला दगड उभा राहील.

ताटली आणि लोभ, दोन्ही परत यावेत.
तुझी, व्हर्नेलताई

डेट्रॉइट
३ मे १९८७

ती. व्हर्नेलताईस सा. न. वि. वि.

ताटली सुखरूप आहे. माझी बायको तीत कानातल्या कुड्या ठेवते, हे मी तुला कळवणार नव्हतो.

पण आज लिहायला वेगळंच कारण आहे. सुट्टी काढून मी अटलांटाला गेलो, तिथून तुमच्या जिल्ह्याच्या कचेरीत. दोन दिवस जुनी दप्तरं चाळली. ताई, आपले जज आजोबा कुठल्याही कोर्टाचे न्यायाधीश नव्हते. मोठ्या नाही, धाकट्याही नाही. म्हटलं, निदान त्यांच्या भावांचं तरी बघावं. मेजर आजोबा कुठल्याच पलटणीत नाहीत. डॉक्टर आजोबांनी कुठल्याच कॉलेजाचं तोंड पाहिलेलं नाही.

इकडे मेळ्यासाठी ऐंशी शर्ट छापून झालेत. छातीवर लिहिलंय, ‘न्यायाधीशांचे वंशज’. ऑफिसात गेली दहा वर्षं मी हीच कथा सांगत आलोय. आता कुठल्या तोंडानं दगडावर खोटं कोरू? आणि आत्याला तरी काय सांगू, की तिचे वडील थापाडे होते? तू तिला सांग की खाणीत संप झालाय, दगड मिळत नाही. यंदा मी यायचं रहित करतोय. तिच्यापुढे उभं राहायची माझी छाती नाही.

रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.
तुझा, रोस्को

हिकरी फोर्क
२४ मे १९८७

चि. रोस्को यास आशीर्वाद. या खेपेला मोजून एकच.

खाणीचा संप मी आत्याला सांगितला नाही. खोटं बोलायला माझी ना नाही, पण तुझं खोटं फार कच्चं होतं. रविवारी मी तिच्या ओसरीवर वाटाणे सोलायला बसले आणि तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ‘थापाडे’ या शब्दाशी पोहोचले आणि तिच्या मांडीवरचं पातेलं हलायला लागलं. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती, रोस्को. इतकी हसली की वाटाणे कोंबड्यांनी खाल्ले.

मग म्हणाली की, पोरं शिकली पण एवढं साधं कोणाच्या डोक्यात आलं नाही. जज हे तिच्या वडिलांचं नावच होतं. आईनं बारशाला ठेवलेलं. थोरला जज, मधला मेजर, धाकटा डॉक्टर. या डॉक्टर आजोबांना कोंबडी कापतानाही भोवळ यायची, तेव्हाच आपल्याला शंका यायला हवी होती.

आपली पणजी चॅरिटी गुलामीत जन्मली. सुटका झाल्यावरही आपल्या माणसाला कुठला गोरा मिस्टर म्हणायचा? पन्नाशीच्या बाप्यालाही ‘ए पोऱ्या’, आणि केस पिकले की एकदम ‘म्हातारबा’. मधलं काही नाहीच. आपला नवरा जन्मभर पोऱ्या राहिला आणि पोऱ्या म्हणूनच मेला, हे तिनं बघितलं होतं. आत्या सांगते, चॅरिटी म्हणायची की माझ्या लेकरांना मान कोणी देणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तो मी नावातच शिवून टाकला. आता हाक मारायची तर मान देऊनच मारा!

आणि मारावीच लागायची. कापसाच्या काट्यावरचा मालक दात-ओठ खात ओरडायचा, की जज, तुझं गाठोडं आण. एकदा कुणाच्या खेचराच्या भांडणात आजोबांची साक्ष होती. आत्या नऊ वर्षांची, कोर्टाच्या माडीवर, आपल्या लोकांना ठेवलेल्या जागेत बसलेली. शिपाई नवा होता, परगावचा. न्यायासनावरून हुकूम झाला की जज टार्व्हरना आत घ्या. तो बिचारा टोपी काढून ताठ उभा राहिला आणि दार धरून आजोबांना चक्क बसायला खुर्ची पुढे केली. आजोबा शांतपणे बसले. आसनावरचा खरा न्यायाधीश बिटासारखा लाल झाला, पण साक्षीदाराला त्याच्या नावानं हाक मारू नका असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? पुढे तासभर तो ज्याला ‘जज, खरं सांग’ म्हणत होता, तो आपला आजोबा होता. माडीवर कोणी हसलं नाही, म्हणे. सगळ्यांनी हसू घरापर्यंत सांभाळून आणलं.

आता सांग, कोण थापाडं? दहा वर्षं तू अभिमानानं मिरवलास तो एक न्यायाधीश. मिरवायला हवी होती ती पणजी. तिच्या कबरीवर नुसता एक धोंडा आहे, आणि आपल्यात गेलेल्या माणसासाठी फुटकं भांडं ठेवतात तसा निळ्या बशीचा एक तुकडा.

तिकीट काढ. लोभाचं नंतर बघू.
व्हर्नेलताई

डेट्रॉइट
७ जून १९८७

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं आणि मग खाली बसलो. आम्ही मुलाचं नाव केविन ठेवलं. केवढी संधी घालवली!

मी येतोय. शर्टांवरची ओळ बायको ऐंशी वेळा रंगानं बुजवतेय आणि प्रत्येक वेळी माझं नाव घेतेय. त्यात मान नसतो. दगडावर काय कोरायचं ते आता आत्यानंच सांगावं. तिचा शब्द पाथरवटाला जसाच्या तसा कळवतो.

ताटलीसह येणाऱ्यावर लोभ ठेव.
रोस्को

हिकरी फोर्क
३० ऑगस्ट १९८७

चि. रोस्को यास अनेक आशीर्वाद. मागचे थकलेलेही यातच धर.

तू गेल्यावर घर मोठं वाटतंय. आत्या अजून मेळ्याच्या दिवसातच आहे. पाथरवटानं फोन करून तुला विचारलं होतं ना, की दगडावर मिस्टर कोणी लिहीत नाही, चूक तर नाही? त्यावरचं आपलं उत्तर आत्या आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते: जज हे आजीनं दिलं, मिस्टर तेवढं द्यायचं राहिलं होतं. आणि मेळ्यात तिनं दगडापाशी खुर्ची टाकून, नाकाला नाक लावून ‘मिस्टर जज टार्व्हर’ स्वतः वाचलं, ते तू पाहिलंसच. तू गेलास त्यानंतरचं सांगते. दुसऱ्या दिवशी पाथरवट दगडाची पातळी तपासायला आला. गोरा मुलगा, चांगला आहे. आत्यानं त्याला सांगितलं की बाळा, मला नीट दिसत नाही, जरा मोठ्यानं वाच. त्यानं वाचलं. तिनं ऐकू न आल्यासारखा कानामागे हात धरला. त्यानं पुन्हा वाचलं. तिला कालच्यापेक्षा बरं दिसत होतं हे मला ठाऊक आहे.

तू ठेवून गेलेली ताटली मिळाली. बायकोला सांग, कुडी एक आत राहिली होती, सोबत पाठवते.

काल संध्याकाळी ती ताटली घेऊन मी एकटीच कबरस्तानात गेले. पाठीवरची माझ्या नावाची चिकटपट्टी नखानं सोलून काढली. जुनी माणसं म्हणतात तसा दगडावर हळूच आपटून कडेचा एक टवका उडवला, म्हणजे कोणी उचलून नेणार नाही. आणि चॅरिटीच्या धोंड्यापाशी, त्या निळ्या तुकड्याच्या शेजारी, पालथी घालून ठेवली.

पुढच्या ईस्टरला अंडी पुन्हा घरंगळतील. डीकन हॉकिन्सना कळवून ठेवलंय.

लोभ होताच, आता त्याच्यावर तुझं नाव घातलंय.
व्हर्नेलताई