चहा दोन, भजी दोन

२ जानेवारी १९८३, रविवार

पन्नास रुपये सापडत नाहीत! डिसेंबरचे. तीनदा बेरीज केली.

दोन पगार, माणसं तीन — मी, हे आणि दिवाळीपासून मामंजी. मुलगी औरंगाबादला होस्टेलात, तिचे पैसे पहिल्या तारखेलाच बाजूला काढते. तरी वीस तारखेनंतर डबे वाजायला लागतात. हे म्हणाले, "उस्मानाबादला एवढं लागत नव्हतं." नव्हतंच लागत! पण लातूर जिल्हा झाला, ह्यांचं ऑफिस इकडे आलं, ऑफिसमागून आम्ही आलो. दुकानदार म्हणतो, आता जिल्ह्याचं गाव आहे, बाई. पुढच्या आठवड्यात म्हणतो, पाऊस कुठाय, बाई. भाव दोन्ही कारणांनी वाढतो.

आजपासून वेगळी वही. दोनच रकाने — किराणा आणि बाहेरचे खाणे. रोजच्या रोज लिहायचं. खरं लिहायचं.

५ जानेवारी

ज्वारी दहा किलो, २४ रुपये. करडईचं तेल एक किलो, १५. तूरडाळ अर्धा किलो, साडेतीन. रेशनची साखर आलीच नाही. बाहेरचे — काही नाही.

मामंजींना दुपारी झोपायची सवय नाही. साडेतीनला टोपी झटकतात, कोट घालतात आणि निघतात. कुठे जाता विचारलं तर म्हणतात, "जिल्हा बघून येतो."

८ जानेवारी, शनिवार

शाळा अर्धा दिवस. आम्ही चौघी शिक्षिका नव्या हॉटेलात गेलो. डोसा, कॉफी. माझे साडेतीन रुपये. 'किरकोळ' म्हणून लिहिले.

९ जानेवारी

'किरकोळ' खोडलं. 'बाहेरचे — डोसा' लिहिलं. कोणाला फसवत होते मी? ही वही वाचणार मीच.

३१ जानेवारी, सोमवार

सापडले!

ह्यांच्या ऑफिससमोर व्यंकटरावांचं हॉटेल आहे. ह्यांचा चहा तिथे महिनाभर लिहून ठेवतात, पगार झाला की हे पैसे देऊन येतात. आज शाळेतून येताना मीच गेले आणि खात्याची वही मागितली. ह्यांचा चहा, वीस रुपये. आणि रोज त्याच्याखाली एक ओळ — 'चहा दोन, भजी दोन'. दोन रुपये. रोज! चोवीस दिवसांचे अठ्ठेचाळीस. नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही असंच असणार. आणि हे काही न बोलता देत आले.

व्यंकटराव म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांचं हाय, बाई. चारला येतात. खिडकीजवळचं टेबल. त्या टायमाला दुसऱ्या कुणाला बसू देत न्हाईत तिथं!"

दोन-दोन कशाला?

"एक पाव्हणे असतात संगं."

संध्याकाळी मामंजींना सरळ विचारलं. "गावाकडचा एक हाय," म्हणाले. कोण? "हाय एक." आणि बिडी पेटवली. ह्यांना विचारलं तर वर्तमानपत्रात तोंड. "असू दे. म्हातारं माणूस आहे." माझ्याकडे बघत का नाहीत पण?

९ फेब्रुवारी

ज्वारी दोन साठ. नळ आता पाचव्या दिवशी. रांजण, दोन हंडे, बादल्या, मुलीची जुनी पत्र्याची पेटीसुद्धा भरून ठेवली.

बाहेरचे — चहा दोन, भजी दोन. (व्यंकटरावांना आता मी रोज विचारते. बरं दिसत नाही, कळतं मला.)

१३ फेब्रुवारी, रविवार

मला एक उपाय सुचला. मामंजींना म्हटलं, "त्या पाहुण्यांना घरीच आणत जा की. मी भजी तळते. घरी दोघांचं मिळून सत्तर पैशांत होतं."

मामंजी हसले. इतके हसले की खोकला लागला. पाणी दिलं.

"घरी? त्यो?"

"का नाही?"

"मास्तरीणबाई, तुमचा हिशेब लई पक्का हाय," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसले. हसताना आलेलं पाणी होतं. मला तरी तसंच वाटलं.

२८ फेब्रुवारी

हॉटेलचं बिल बहात्तर. त्यात मामंजींचे बावन्न. त्यातच होस्टेलचं पत्र — मेसचे तीस रुपये वाढवले, दुष्काळामुळे. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला. हे म्हणाले, "मी नाही बोलणार. तूही बोलू नकोस. तुला नाही समजायचं ते." बी.ए. झालेल्या बाईला काय नाही समजायचं? दोन रुपयांची भजी?

१ मार्च, मंगळवार

केलं. सांगून टाकते वहीला.

चिठ्ठी लिहिली — 'यापुढे आमच्या खात्यावर फक्त साहेबांचा चहा लिहावा. इतर कोणास काही दिल्यास पैसे मिळणार नाहीत.' खाली सही. घडी घातली आणि मामंजींच्याच हातात दिली. "जाताच आहात तर व्यंकटरावांना एवढी द्या."

त्यांनी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, वर बटण लावलं. "सूनबाईचा कागुद म्हंजे सरकारी कागुद!"

त्यांना वाचता येत नाही. मला माहीत आहे ते.

तोंडानं सांगितलं असतं तर वाद झाला असता, म्हणून लिहून दिलं. असं मी स्वतःला सांगते आहे. हे कारण खरं आहे का?

(नंतर) पाचच्या आतच परत आले. अर्धी भाकरी खाल्ली.

२ मार्च

मामंजी बाहेर पडले नाहीत. टोपी खुंटीवर.

बाहेरचे — काही नाही. हे लिहिताना आनंद व्हायला हवा होता.

३ मार्च

पिशवी भरली त्यांनी. दोन धोतरं, कोट, बाबासाहेबांचा तो छोटा फोटो. "सोमवारच्या मुखेडच्या गाडीनं जातो."

गावात आमच्या वस्तीची विहीर दिवाळीतच आटली. टँकर आला तर आठवड्यानं. म्हणून तर ह्यांनी त्यांना इकडे आणलं! सत्तरी उलटलेली, छातीत सारखी घरघर. तिथे स्वयंपाक कोण करणार, पाणी कोण आणणार?

"तिथं कसं राहाल?"

"ऱ्हायलो की इतकी वर्सं."

४ मार्च, शुक्रवार

हे आज बोलले. एकवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, ह्या गोष्टीवर.

"त्यांच्यासोबत कोण असतो माहीत आहे? महादेवप्पा."

मी म्हटलं, कोण महादेवप्पा?

हे सांगू लागले, गावात एकच हॉटेल होतं, महादेवप्पांचं. आत बाकडी. आपल्या लोकांनी आत जायचं नाही. बाहेर भिंतीत कोनाडा होता, त्यात दोन कप. कान तुटलेले. आपण घ्यायचा, तो वरून ओतणार, उकिडवं बसून प्यायचं, धुवायचा, पालथा घालून परत कोनाड्यात. पैसे उंबऱ्यावर ठेवायचे. निजामाचं राज्य गेलं, छपन्न साली आम्ही दीक्षा घेतली, मी कॉलेजला गेलो — कप तिथेच. "मीसुद्धा त्यातच प्यालोय," हे म्हणाले. "मॅट्रिक पास झालो त्या दिवशी दादांनी मला तिथे चहा पाजला. दोन कप होते ना. एक त्यांना, एक मला."

यंदा दूध नाही, पाणी नाही, महादेवप्पांचं हॉटेल बसलं. लातूरला मुलाकडे येऊन राहिलेत. मुलगा गंजात, धान्याच्या बाजारात, हमाली करतो. घरात भाकरीबरोबर टोमणे मिळतात. मामंजींना ते दिवाळीनंतर रस्त्यात भेटले.

मी नांदेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. वडील पॉइंट्समन. स्टेशनच्या कँटीनमध्ये सगळ्यांना एकाच ग्लासात चहा. असले कप मला ऐकून माहीत होते. जयंतीला मी स्वतः भाषण केलंय त्या कपांवर — टाळ्या पडल्या होत्या! आणि माझ्या घरातला माणूस त्यातून प्यालाय, नवरा प्यालाय, हे मला माहीत नव्हतं.

"कधी सांगितलं नाहीत?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

५ मार्च, शनिवार

व्यंकटरावांकडे गेले. मंगळवारी काय झालं ते विचारलं. ते गल्ला पुसत राहिले.

"म्या मनातल्या मनात वाचली, बाई. आन खिशात टाकत हुतो. तर तेच म्हणले, मोठ्यानं वाच की! आमच्या सूनबाईचं अक्षर हाय, आप्पाला ऐकू दे."

"मग?"

"मंग काय. वाचली."

मी खुर्चीवर बसले. "आणि ते दुसरे?"

"म्हादेवप्पा? उठले. चहा तसाच टाकून गेले. तुमच्या सासऱ्यांनी कनवटीचे दोन रुपये काढून ठिवले टेबलावर. तवापासून दोघं बी न्हाईत."

घरी आले. मामंजी बाजेवर होते. पायाशी बसले. माझं चुकलं म्हटलं. चिठ्ठी दिली हे चुकलं आणि तुमच्याच हातात दिली हे त्याहून चुकलं. "तुम्ही त्यांना खुशाल खाऊ घाला, मी वहीत लिहिणारसुद्धा नाही."

मामंजी उठून बसले.

"मला त्याला खाऊ घालायचं न्हाई, पोरी. मला त्याच्या म्होरं बसून खायाचं हाय."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ सरकवला.

"लेकरासारखं मोजून खायाचो मी भजी. हळूहळू. त्यो बघायचा. त्याचं सरलं तरी माझं चालूच! पैशे मी देनार. 'आप्पा, आनखी घ्या' मी म्हननार. इतक्या वर्सांचं खाऊन ऱ्हायलो हुतो." मग खोकले. "तू त्याच्या म्होरं वाचून दावलंस की ह्या ग्यानोबाची पत न्हाई दोन भज्यांची."

शब्द वाढवलेले नाहीत, कमी केलेले नाहीत. खरं लिहायचं ठरलं होतं.

म्हटलं, उद्या आपण तिघं जाऊ, मी पैसे देते, सगळ्यांदेखत.

"त्यो न्हाई येनार आता. आन तूच म्हनली व्हतीस न्हवं, घरी आना? त्यो हॉटेलात येतो, कारन हॉटेल कुनाचंच न्हाई. घरी न्हाई येनार. आमच्या घरचं पानी त्याच्या सात पिढ्यांनी घेतलं न्हाई. सोमवारी मी जातो."

६ मार्च, रविवार

गंजामागच्या गल्लीत विचारत विचारत गेले. ह्यांना सांगितलं नाही.

महादेवप्पा ओट्यावर बसले होते. इतके वाळलेले असतील असं वाटलं नव्हतं. मी कोण ते सांगितलं. चिठ्ठी माझी होती, मामंजींचा त्यात काही दोष नाही, हेही.

"ठावं हाय," म्हणाले. मग, "बाई, मला कळत नव्हतं व्हय, त्यो कामून बशिवतो ते? बशीत भजं उरलं की म्हनायचा, 'आप्पा, टाकू नका. पैशे दिलेत.' ह्यांच्या घराण्यात कधी कुनी येवढं गोड बोललं न्हवतं माझ्यासंगं!"

"तरी येत होतात?"

"भूक हुती." मग हसले. दात थोडेच. "आन लातुरात दुसरं कोन हाय, ज्याला माझं गाव ठावं हाय? शिव्या द्याया बी वळखीचं मानूस लागतं."

आतून सून काहीतरी बोलली. ते ऐकून न ऐकल्यासारखे.

मी सांगितलं की मामंजी उद्या सकाळच्या गाडीनं गावी चाललेत. विहीर आटलीय, तिथे ते एकटेच असतील. घरी येऊन त्यांना एकदा थांबा म्हणाल का?

"घरी?"

ते पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत राहिले. "बघू," म्हणाले. 'बघू' म्हणजे नाही. मलाही एवढं कळतं आता.

ज्वारी दोन ऐंशी.

७ मार्च, सोमवार

सकाळी दारात पिशवी. हे मुकाट्यानं चपला घालत होते, पोचवायला. बाहेर कोणीतरी खोकलं. महादेवप्पा! वळचणीला उभे, हात मागे. मामंजी जागचे हलले नाहीत. मी 'या' म्हटलं, तरी ते उंबऱ्याशी घुटमळले. मग आत आले, जमिनीवर बसले. चहा टाकते म्हटलं. "चहा नगं," म्हणाले. "पानी द्या."

मी उठणार तोवर मामंजी उठले. रांजणातून पेला भरला. सगळ्यांसमोर तो स्वतः प्याले, तोंड लावून. त्यातच पुन्हा पाणी भरलं, न धुता, आणि त्यांच्यापुढे धरला.

महादेवप्पा पेल्याकडे बघत राहिले. मग दोन्ही हातांनी घेतला आणि तळ दिसेपर्यंत प्याले.

मामंजी त्यांच्याशेजारी खाली बसले.

"आप्पा, मुखेडची गाडी किती वाजता हाय?"

"गेली आसंल."