पातेल्याखालचा राऊटर

मुकुंदवाडी, ४ एप्रिल २०१३

ती. अंगददादास,
साळूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मेंढरं विकून शहरात आलो त्याला दुसरा उन्हाळा. इथंबी टँकरच. ह्यांना लकवा झाल्यापासून ऐकू येत नाय, त्यामुळं भारतच्या फोनचा उपयोग नाय. पोराचं तोंडच दिसाया पायजे. म्हणून त्यानं मस्कतहून लॅपटॉप धाडला, परवा माणूस इंटरनेट लावून गेला. त्याच्या डब्यावरचे दिवे लुकलुकतात, पण भारत काय दिसत नाय. हे दिवसभर त्या काचेकडं बघत राहतात. माणसानं मॉडेम, राऊटर, आयपी असं लई सांगितलं, मी मान हलवली.

समोर रस्ता रुंद करायलेत, धूळ फार. डब्यावर मोठं स्टीलचं पातेलं पालथं घातलंय, कोकरू डालग्याखाली झाकतो तसं.

तू मास्तर, लिहून समजाव. फोनवर ऐकताना कळतं, ठेवल्यावर नाय. वहिनींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

साळू

पैठण, ९ एप्रिल

चि. सौ. साळूस,
अ. उ. आशीर्वाद.

जन्मभर 'देवः देवौ' घोकून घेणाऱ्याला तू राऊटर विचारतेस. शाळेतल्या संगणकाच्या मास्तरांची शिकवणी लावून लिहितोय, तेव्हा आदरानं वाच.

मॉडेम म्हणजे दुभाषी. बाहेरच्या तारेची भाषा लॅपटॉपला कळत नाही, ती तो फोडून सांगतो. राऊटर म्हणजे मेंढरांच्या वाडग्याच्या तोंडाशी उभे असलेले आपले आबा: आलेलं कोणाचं, कुठं घालायचं, ते ठरवणार. त्यासाठी प्रत्येक यंत्राला नंबर असतो, तो आयपी पत्ता. आबा मेंढराच्या कानाला खूण करत तसा. पासवर्ड म्हणजे शेजाऱ्यानं फुकट चरू नये म्हणून घातलेलं कुंपण. तुझ्या डब्यात दुभाषी आणि आबा एकत्र नांदतात.

राहिलं वाय-फाय. डब्यापासून लॅपटॉपपर्यंत तार नाही, सगळं हवेतून. त्याला डालगं चालतं, बाई, स्टील चालत नाही. आबांना कोंडून ठेवलंस आणि मेंढरं का येत नाहीत म्हणून मला विचारतेस. पातेलं काढ, त्यात भात लाव. धूळ रोज फडक्यानं पूस. पत्र वाचून होईपर्यंतही थांबू नकोस, कारभारी वाट बघतायत. त्यांना भारत दिसला की एक ओळ टाक.

यंदा सगळंच आटलंय, तेवढी माया आटू देऊ नकोस.

तुझा दादा,
अंगद

मुकुंदवाडी, २८ एप्रिल

दादास,
साळूचा नमस्कार.

दहाव्याला आलास, पण माणसांत बोलता आलं नाय.

तुझं पत्र आलं त्याच सकाळी हे गेले होते. बाहेर तिरडी बांधायचं चाललं होतं. पोस्टमननं हातात दिलं म्हणून वाचलं, आणि उठून पातेलं काढलं. जरा वेळानं लॅपटॉप वाजला. भारतच होता. त्याला फोनवर कळलं होतं, पण सुट्टी मिळाली नव्हती. मी लॅपटॉप ह्यांच्या उशाशी ठेवला. पोरानं बापाचं तोंड पाह्यलं.

ह्यांना उचललं तवा तो बंद करू नको म्हणला. माणसं गेली, बायांनी फरशी पुसली, तरी तो तिथंच बघत होता. मग मीच त्या ओल्या जागेवर जाऊन बसले, त्याला कायतरी दिसावं म्हणून.

तुझं लिहिणं बरोबर होतं, दादा. जिवाला लावून घेऊ नको. बहिणीची आठवण ठेव.

साळू